रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीची राखण

एडिनबरोजवळच्या आमच्या घरामागे पालापाचोळा कुजवायची एक लाकडी पेटी आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये ती उपसताना माझ्या हाताला वाटाण्याएवढे चार गड्डे लागले. तपकिरी, टणक, आणि त्यांतल्या एकातून शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, लालसर कोंब निघालेला. मग आठवलं. आदल्या ऑक्टोबरात मी एका वेलीचं बी पेरलं होतं. जानेवारीत दोन-तीन धागे वर आले, ते गोगलगायींनी एका रात्रीत खाल्ले, आणि मेपर्यंत कुंडीत काहीच दिसेना म्हणून मी ती पेटीत उलटी केली होती. बी मेलेलं नव्हतं. मातीखाली त्यानं आपलं काम पुरं केलं होतं आणि उन्हाळाभर ते झोपलं होतं. मी उकरताना तो कोंब मोडला. चारही गड्डे पुन्हा लावले, पण त्यांतला एकही उगवला नाही.

थंड मुलखात राहून अशा कंदवाल्या वेली बियांपासून वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी आधी एक गोष्ट सांगते: तुमची वेल वर्षातल्या कोणत्या महिन्यांत झोपते, हे पेरणीआधी जाणून घ्या. माती, पाणी, ऊब, पेरणीचा महिना, सगळं त्यावरून ठरतं. आणि कुंडी रिकामी दिसली तरी ती दोन वर्षं फेकू नका.

नस्टर्शियमची कंदवाली भावंडं

पुण्या-मुंबईच्या बागांत हिवाळ्यात लावतात ते नस्टर्शियम तुम्ही पाहिलं असेल. गोल, कमळाच्या पानासारखी पानं, केशरी-पिवळी फुलं, पान चावलं तर जिभेला मोहरीसारखा झटका. त्याचं शास्त्रीय नाव ट्रोपिओलम मेजस. हे नाव लिनियसनं 1753 मध्ये दिलं. ग्रीक लोक रणांगणावर हरलेल्या शत्रूची शस्त्रं खांबाला टांगून विजयाचं चिन्ह उभारत. काठीवर चढलेल्या वेलीची पानं लिनियसला ढालींसारखी आणि फुलं शिरस्त्राणांसारखी दिसली, आणि त्या खांबाच्या ग्रीक शब्दावरून त्यानं हे नाव घेतलं. पानांतली तिखट चव उगाच आलेली नाही. मोहरी, मुळा, कोबी ज्या वनस्पतिगणात येतात त्याच गणात हे कुळही येतं.

आपलं बागेतलं नस्टर्शियम एका हंगामात संपतं. पण दक्षिण अमेरिकेत त्याची कितीतरी भावंडं आहेत, आणि त्यांतली काही जमिनीखाली कंद धरून वर्षानुवर्षं जगतात. चिलीतली ट्रोपिओलम ट्रायकलर ही त्यांतली मला सर्वांत प्रिय. दोऱ्यासारख्या देठांवर लाल-केशरी रंगाचे, मागे सोंड असलेले चिमुकले कंदील. कडेला जांभळट काळी किनार आणि आतून डोकावणाऱ्या पिवळ्या पाकळ्या. तिच्याच देशातली ट्रोपिओलम अझुरियम निळ्या फुलांची. या कुळात पिवळा-लाल रंगच जास्त, म्हणून ही निळाई पाहून डोळे थबकतात. ट्रोपिओलम ब्रॅकिसेरास पिवळी, तिच्या सोंडेच्या आखूडपणावरून तिचं नाव पडलं. दक्षिण चिलीच्या ओल्या जंगलांतली ट्रोपिओलम स्पेसिओसम शेंदरी-लाल, तिला इंग्रजीत ज्वालेचं फूल म्हणतात. आणि अँडीज पर्वतातली ट्रोपिओलम ट्युबरोसम, म्हणजे माशुआ, हिचे कंद तिथले लोक शेकडो वर्षांपासून खात आले आहेत.

चढण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. काकडीला किंवा कारल्याला तणावे असतात, तसे यांना नसतात. पानाचा देठच आधाराला वेढा घालतो आणि धरून बसतो. आपल्याकडची कळलावी आठवा. तीही कंदवाली, मृगाचा पाऊस पडला की जमिनीतून वर येते, पानाच्या वळलेल्या टोकानं झुडपाला धरते, आणि पावसाळा सरला की पुन्हा मातीत जाऊन झोपते. कळलावी पाहत वाढलेल्या माणसाला या चिलीच्या वेली परक्या वाटायला नकोत. झोपण्याचे महिने तेवढे वेगळे.

आधी झोप ओळखा

चिलीच्या मध्यभागात, कोकिंबोपासून वालपराइसोपर्यंतच्या पट्ट्यात, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून ट्रायकलर, अझुरियम आणि ब्रॅकिसेरास हिवाळ्यात वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळा कंदाच्या रूपात झोपून काढतात. युरोपात आणल्यावरही ही सवय त्या सोडत नाहीत, ऋतू तेवढे उलटतात: सप्टेंबरमध्ये जाग, फेब्रुवारी ते मे फुलं, जूनमध्ये झोप.

दक्षिणेकडे वाल्दिव्हिया आणि चिलोए बेटाच्या बाजूला वर्षभर पाऊस आणि गारवा असतो. तिथली स्पेसिओसम उलट वागते: हिवाळ्यात जमिनीखाली जाते, वसंतात वर येते, जुलै ते सप्टेंबर फुलते. नेमकं सांगायचं तर तिला कंद नसतो. पांढरी, मांसल, आडवी पसरणारी खोडं असतात, आपल्या हळदी-आल्यासारखी. पण बियांपासून वाढवण्याचे प्रश्न सारखेच, म्हणून ती या लेखात आहे.

माशुआ तिसऱ्या तऱ्हेची. विषुववृत्ताजवळच्या उंच डोंगरांत वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा असतो. त्यामुळे दिवस लहान झाल्याशिवाय तिला कंद धरायचं सुचत नाही. वसंतात लावायची, उन्हाळाभर वाढवायची, हिवाळ्यात कंद काढून ठेवायचे.

बियाण्याचं पाकीट हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: ही हिवाळ्यात जागणारी की उन्हाळ्यात? त्याचं उत्तर न घेता केलेली पेरणी बहुधा वाया जाते.

बी कुठून आणाल

या वेलींचं बी साध्या दुकानात क्वचितच मिळतं. ब्रिटनमध्ये अल्पाइन गार्डन सोसायटी आणि स्कॉटिश रॉक गार्डन क्लब या संस्था सभासदांसाठी दर हिवाळ्यात बियांची देवाणघेवाण चालवतात. सभासदांनी स्वतःच्या बागेतून गोळा केलेलं ताजं बी तिथं मिळतं, आणि या वेलींच्या बाबतीत ताजेपणाला मोठी किंमत आहे. जुनं, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी फार कमी उगवतं.

हे बी बहुधा नवीन वर्षाच्या सुरुवातीला हाती येतं. ट्रायकलर आणि अझुरियमचं बी तेव्हा लगेच पेरू नका. त्यांचा हंगाम तोवर निम्मा सरलेला असतो. कागदी पाकिटात, घरातल्या साध्या तापमानाला, कोरडं ठेवा आणि सप्टेंबरमध्ये पेरा. चिलीत त्या बियांनी कोरडा, उबदार उन्हाळाच अनुभवला असता. स्पेसिओसमचं बी मात्र मिळाल्या दिवशी पेरा, म्हणजे उरलेल्या हिवाळ्याची थंडी त्याला लागेल.

परदेशातून येताना सामानात बी किंवा कंद घालून आणण्याचा मोह टाळा. वनस्पतींबरोबर रोग आणि किडीही प्रवास करतात. म्हणूनच भारतात 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली बी-कंदांच्या आयातीवर बंधनं आहेत, आणि ब्रिटन व युरोपातही बियांसाठी आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आपण राहतो त्या देशातलं बी मिळवणं हाच सरळ मार्ग.

हिवाळ्यात जागणाऱ्यांची पेरणी

ट्रायकलर नवख्या माणसासाठी सर्वांत चांगली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. अझुरियमची रीतही हीच, पण तिचं बी जास्त हट्टी असतं.

कुंडी खोल घ्या. हे कंद वर्षागणिक खाली सरकत जातात; उथळ कुंडीत ते तळाला टेकतात आणि निचऱ्याच्या भोकांपाशी सडतात. 12 ते 15 सेंटीमीटर खोलीची कुंडी पहिल्या दोन वर्षांना पुरते. मातीचं मिश्रण असं: दोन भाग चाळलेली पोयट्याची माती किंवा जॉन इनस प्रकारचं तयार मिश्रण, एक भाग 3 ते 5 मिलीमीटरची बारीक खडी, एक भाग परलाइट किंवा जाडी वाळू. निव्वळ कोकोपीट किंवा पीट वापरू नका. ते एकदा भिजलं की ओलच सोडत नाही, आणि एकदा वाळलं की पाणीच धरत नाही. मूठभर मिश्रण दाबून पाहा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचताच फुटला पाहिजे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तीच ओल तुम्हाला कुंडीत हवी आहे.

बी एक दिवस साध्या पाण्यात भिजवा. साल फार कडक वाटली तर नखं घासायच्या कानशीनं एका बाजूला हलकेच घासा, आतला गर दिसेपर्यंत नाही. मग दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर ठेवून वर एक ते दीड सेंटीमीटर माती पसरा, आणि त्यावर सेंटीमीटरभर खडीचा थर. खडीमुळे वरची माती घट्ट होत नाही, शेवाळ धरत नाही, आणि कोवळ्या देठाच्या बुडाशी पाणी साचत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. या कुंडीला ऊब देऊ नका. टोमॅटो-मिरचीच्या रोपांची सवय असलेले हात पेरलेली कुंडी गरम चटईवर किंवा रेडिएटरजवळ नेतात, आणि तिथंच घोटाळा होतो. चिलीत पहिला पाऊस आणि थंडी बरोबर येतात; हे बी गार ओलीची वाट पाहत असतं. 5 ते 12 अंश सेल्सिअसमध्ये, उजेडाच्या पण गोठवणारी थंडी न पोचणाऱ्या जागी कुंडी ठेवा. बिनतापवलेली व्हरांड्याची खोली, काचघर, किंवा गार जिन्यातली खिडकी चालते. माती ओलसर राहू द्या, चिंब नको.

मग वाट पाहायची. काही बी सहा आठवड्यांत उगवेल, काही चार महिन्यांनी, आणि उरलेलं एक अख्खा उन्हाळा झोपून पुढच्या शरदात. एकाच पाकिटातल्या बियांचं एकमेकांशी जमत नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. ज्या मुलखात एखादं वर्ष पाऊसच कमी होतो, तिथं सगळं बी एकदम उगवलं तर सगळंच मरेल. थोडं थोडं उगवणं ही त्यांची बेगमी आहे.

धागा वर आल्यावर

वाटाण्याप्रमाणे याच्याही बीजदलांची जोडी मातीखालीच राहते. वर येतो तो एक बारीक, लालसर धागा, त्याला तांदळाच्या कणीएवढी पानं. वाऱ्याची झुळूक, मांजराची शेपटी, पाण्याची जोरदार धार, काहीही पुरतं आणि तो मोडतो. मोडला तर बहुतेक वेळा कंद त्या वर्षी दुसरा धागा काढत नाही. तो थेट झोपी जातो आणि पुढच्या सप्टेंबरची वाट पाहतो. माझ्या त्या फेकलेल्या कुंडीत हेच झालं होतं.

म्हणून आधार आधी लावा, उगवण नंतर होऊ द्या. पेरणीच्या दिवशीच बर्च किंवा हेझलच्या फांद्यांच्या बारीक, फाटेदार काटक्या कुंडीत खोचून ठेवा. जाड बांबूला हे धागे धरू शकत नाहीत. पानाचा देठ वेढा घालू शकेल अशी काडी हवी, झाडूच्या हिरासारखी. धागा स्वतः काडी शोधतो. त्याला हातानं वळवायला जाऊ नका. दोन कुंड्या जवळ ठेवल्या तर त्यांचे धागे एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुटतात, म्हणून कुंड्यांमध्ये हातभर अंतर राखा.

पाणी कुंडीच्या कडेनं, बारीक धारेनं द्या. हिवाळ्याच्या अंधाऱ्या आठवड्यांत कमी, दिवस वाढू लागले की जास्त. खत हलकं हवं. टोमॅटोसाठी मिळतं ते पालाशयुक्त द्रवखत निम्म्या जोरानं, दर पंधरा दिवसांनी, फक्त पानं हिरवी असेपर्यंत. नत्र जास्त झालं तर पानांची गर्दी होते आणि कंद लहान राहतो. कंद लहान राहिला तर पुढचं वर्ष धोक्यात येतं.

रात्री तापमान 3 ते 5 अंशांखाली जाऊ देऊ नका. पण घर उबदार केलं तरी चूक होते: 15 अंशांवर सतत ठेवलेली रोपं लांबट, पांढुरकी होतात आणि एप्रिललाच झोपायला निघतात. त्यांना गारवा हवा आणि भरपूर उजेड हवा.

पहिली झोप

मे महिन्यात पानं पिवळी पडू लागली की घाबरून पाणी वाढवू नका. रोप मरत नाहीये, आवरतंय. पाणी हळूहळू कमी करा, पानं पूर्ण वाळली की थांबवा. वाळलेले धागे ओढून काढू नका, कात्रीनं कापा. ओढताना कंदाचा शेंडा सुटून येतो.

पहिल्या वर्षीचा कंद वाटाण्याएवढा असतो. तो अगदी कोरडा-ठाक ठेवला तर सुरकुततो. कुंडी सावलीत, पावसापासून दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा कडेनं अर्धी वाटी पाणी घाला. दुसऱ्या वर्षापासून कंद मोठा झाला की उन्हाळाभर कोरडं चालतं. पहिल्या वर्षी कुंडी बदलू नका; एवढा लहान कंद मातीत शोधताना हरवतो. दुसऱ्या ऑगस्टमध्ये नवी, खोल कुंडी घ्या आणि कंद 3 ते 5 सेंटीमीटर खाली ठेवा. कोंब कुठून निघतो हे ओळखता आलं नाही तर आडवा ठेवा, तो आपली वाट काढतो.

फुलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतात. आणि कधीकधी धडधाकट कंदही एक अख्खा हंगाम उठत नाही. हिवाळा जातो, काडीवर काहीच चढत नाही. अशा वेळी कंद एकदा हळूच बोटानं चाचपून पाहा. टणक असेल तर त्याला तसंच राहू द्या. पुढच्या सप्टेंबरला तो उठतो.

ज्वालेचं फूल: स्पेसिओसम

1840 च्या दशकात विल्यम लॉब या वनस्पतिसंग्राहकानं वीच रोपवाटिकेसाठी चिलीतून ही वेल ब्रिटनला पाठवली. इंग्लंडच्या कोरड्या आग्नेय भागात तिचं फारसं बस्तान बसलं नाही, पण स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या गार, ओल्या हवेत ती स्वतःच्या गावी असल्यासारखी रमली. ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट बागेत यू झाडांच्या काळपट हिरव्या कुंपणावर तिची लाल फुलं लोंबताना पाहिली, की ती अशा झाडावरच का चढवावी हे कळतं. पार्श्वभूमी गडद असेल तरच ती पेटते.

तिचं बी निळं असतं, लाल कोषात बसलेलं. निळ्या गराचा थर हातमोजे घालून चोळून काढा, बी धुवा आणि ताजं असेल तर शरदातच पेरा. मातीत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत निम्मं, चुनखडी अजिबात नको. कुंडी कोल्ड फ्रेम म्हणतात त्या काचेच्या झाकणाच्या पेटीत किंवा उत्तरेच्या भिंतीशी उघड्यावर ठेवा. हिच्या बियांना थंडीची नुसती गरज नसते, तिची सक्तीच असते. हिवाळ्याची थंडी अंगावरून गेल्याशिवाय बी उगवत नाही, आणि पुष्कळदा एक हिवाळा पुरत नाही. दुसऱ्या वसंताची तयारी ठेवा.

रोपं एका वर्षाची झाली की मुळांभोवतीची माती न हलवता कायमच्या जागी लावा. या वेलीला जागा बदललेली अजिबात सोसत नाही. कुंपणाच्या उत्तरेकडची, सावलीची, ओलसर जागा निवडा: पाय सावलीत, डोकं उजेडात. मुळांवर दर शरदात पालापाचोळ्याचा जाड थर द्या. पहिली दोन-तीन वर्षं ती फारसं काही करत नाही. पण एकदा रुळली की हिवाळ्यात वरून मेली तरी दर वसंतात परत येते.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी ही वेल लावू नये. तिथल्या जंगलांत ती उपद्रवी तण ठरली आहे आणि पक्षी तिचं बी दूरवर नेतात. बागेत हिरवाई आणताना शेजारचं रान बिघडणार नाही, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

माशुआ: बटाट्याची शेजारीण

पेरू, बोलिव्हिया आणि एक्वाडोरच्या डोंगरांत ज्या उंचीवर बटाटा पिकतो, तिथंच ओका, उलुको आणि माशुआ ही कंदपिकं त्याच्या सोबतीला असतात. आपल्या उपासाच्या थाळीतला बटाटा त्याच डोंगरांतून निघून जगभर फिरला. माशुआ घरीच राहिली. तिचा कंद कच्चा खाल्ला तर मुळ्यासारखा तिखट, उकडला की बराच सौम्य होतो.

बियांपासून माशुआ वाढवताना दोन अडचणी येतात. दिवस बारा तासांपेक्षा लहान झाल्यावरच बहुतेक वाण फुलतात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीनंतर. आणि बी पिकण्याआधीच थंडी वेलीला जाळून टाकते. दुसरं, बियांपासूनचं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते. म्हणून खाण्यासाठी लावणार असाल तर बेण्यानं लावा, जशी आपण हळद लावतो. ‘केन अ‍ॅस्लेट’ हा वाण उन्हाळ्यातच फुलू लागतो, म्हणून थंड देशांत तोच जास्त लावला जातो.

बी मिळालंच तर मार्चमध्ये भिजवून 13 ते 16 अंशांत पेरा. ही हिवाळ्यात जागणारी नव्हे, हिला थोडी ऊब चालते. मेअखेरीस गोठवणारी थंडी संपली की बाहेर, तीन मीटरपर्यंत चढायला जागा देऊन लावा. पहिल्या थंडीनं पानं काळी पडली की लगेच कंद उपसू नका. वरचा भाग कापून आठवडाभर थांबा, मग काढा. ते किंचित ओलसर वाळूत, न गोठणाऱ्या जागी ठेवा आणि मार्चमध्ये पुन्हा कुंडीत लावा.

शत्रू कोण, आणि त्यांना कसं आवरायचं

पहिला शत्रू बिनशंखाची गोगलगाय. तिला कोवळा धागा म्हणजे मेजवानी. कुंड्या जमिनीवर न ठेवता पाय असलेल्या मांडणीवर ठेवा, पायांभोवती तांब्याची पट्टी लावा, आणि उगवणीच्या दिवसांत रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. ही फेरी कोणत्याही औषधापेक्षा खात्रीची आहे.

दुसरे कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांचे सुरवंट. मोहरीची चव त्यांना या वेलींकडे ओढून आणते. पानांच्या मागच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले की बोटानं पुसून टाका. मावा आला तर पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं धुवा. धाग्यांवर जोरात मारू नका. काचघरात हवा कोंदट झाली की कोवळे देठ बुडाशी सडतात, म्हणून कोरड्या दिवशी दुपारी खिडकी उघडा.

आपलं बी आपण धरा

चिलीत ट्रायकलरच्या लाल फुलांवर हमिंगबर्ड येतात. युरोपात ते नाहीत, म्हणून परागीभवन आपल्याला करावं लागतं. दोन वेगवेगळ्या बियांपासून आलेल्या वेली जवळ असतील तर बी जास्त धरतं. मऊ, बारीक कुंचला एका फुलात फिरवून दुसऱ्यात फिरवा. कोरड्या दिवशी दुपारच्या आधी. फळ तीन कप्प्यांचं असतं. पिकलं की बी टपकन खाली पडतं, आणि खडीत सापडत नाही. म्हणून फळांखाली मलमलीची छोटी पिशवी बांधा.

तुमच्या गावचं काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या किनारपट्टीचं हवामान वालपराइसोशी जुळतं: हिवाळी पाऊस, कोरडा उन्हाळा. तिथले वाचक ट्रायकलर बाहेर, झुडपाच्या आधारानं लावू शकतील. सिएटल आणि व्हँकुव्हरकडच्यांनी ती थंडीत आत घ्यावी, स्पेसिओसम मात्र बाहेर लावावी. मेलबर्न आणि होबार्टकरांनी या लेखातले सगळे महिने सहा महिन्यांनी सरकवावेत. म्हणजे ट्रायकलरची पेरणी मार्चमध्ये.

पुण्यात किंवा नाशिकात या वेलींना हवा तो लांब गारवा मिळत नाही, आणि नेमक्या त्यांच्या झोपेच्या महिन्यांत आपला पाऊस पडतो. तिथं ऑक्टोबरात साधं नस्टर्शियम लावा. कंदवाली वेल हवी असेल तर पावसाळ्यात कळलावी लावा, पण ती सर्वांगानं विषारी आहे हे विसरू नका, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आणि शेवटी कुंडीवरच्या पट्टीबद्दल. मी आता तिच्यावर दोन तारखा लिहिते, पेन्सिलनं, कारण शाई उन्हात उडते. पहिली पेरणीची. दुसरी बरोबर दोन वर्षांनंतरची, आणि तिच्या पुढे ‘तोवर हलवू नये’. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्या कोरड्या कुंड्या उजेडात मांडते आणि रोज सकाळी चष्मा लावून खडीत पाहते. गेल्या वर्षी अशाच एका कुंडीत, पेरणीनंतर 23 महिन्यांनी, एक लालसर धागा उभा होता. मी काटक्या नीट केल्या, कडेनं अर्धी वाटी पाणी घातलं आणि पट्टीवर तिसरी तारीख लिहिली.